अंगात आलं ते

"बाई, तुम्ही लिहून काढा," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

मी म्हटलं, "पन्नाशी उलटलेल्या, पित्ताने हैराण झालेल्या, नवरात्राचा उपास करणाऱ्या अशा किती बायका चुकून नशेच्या गोळ्या खातात हो?" ते हसले. म्हणाले, चुकून खाणारी तुमच्याखेरीज नाही पाहिली, पण मुद्दाम घेणारी मुलं येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आया येतात. मुलं निदान बोलतात. आया खाली मान घालून बसतात आणि पदराचं टोक पिळत राहतात.

त्या आयांसाठी लिहायला बसले आहे. नावं सगळी बदलली आहेत. माझ्या मुलीने, जुईने, हे वाचलं आहे आणि तिचं नाव बदललं नसतं तरी चाललं असतं असं ती म्हणाली. मला चाललं नसतं.

पित्त

रोह्याला माझं सासर. अष्टमीला तिथे थोरल्या जाऊबाईंकडे महालक्ष्मी बसते. दुपारी नव्याने लग्न झालेल्या मुलींची पूजा, मग तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करायची, काजळाने तिचे डोळे रेखायचे, आणि संध्याकाळच्या आरतीनंतर बायकांनी घागरी फुंकायच्या. घागरीला उदाचा धूर द्यायचा, तिच्या काठाशी ओठ नेऊन फुंकायचं आणि फुंकत फुंकत देवीपुढे नाचायचं. नाचता नाचता एखादीच्या अंगात येतं. मग लोक तिलाच देवी मानून आपापली गाऱ्हाणी घालतात.

मी पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन आल्यापासून दर अष्टमीला मी मागे भिंतीला टेकून बसायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायची, अंगात वगैरे काही येत नसतं. मुलं हसायची. मला ते हसणं आवडायचं.

त्या अष्टमीला पेणहून आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझा नवरा सुधाकर, मुंबईहून सुट्टीला आलेली जुई आणि आमच्याकडे घरकामाला येणारी कुसुम. कुसुम धरमतरच्या खाडीकडच्या गावातली. तिच्या सासरची माणसं मिठागरात राबलेली. रोह्याची देवी बघायची तिची फार दिवसांची इच्छा होती, आणि जाऊबाईंना भांड्यांना माणूस हवं होतं. दोन्ही कामं झाली.

उपासाने माझं पित्त खवळलं. छातीत आग, तोंडाला कडू पाणी. माझा होमिओपॅथीच्या बाटल्यांचा डबा पेणलाच राहिला होता. जुई गजरे आणायला बाजारात गेली होती. सेफ्टी पिन बघावी म्हणून मी तिच्या पर्समध्ये हात घातला, तर हाताला बाटली लागली. वर चिठ्ठी चिकटवलेली, 'पित्त'. अक्षर माझंच. पोरीने आईच्या सवयी घेतल्या म्हणायच्या, असं मनात येऊन मला बरंसुद्धा वाटलं. नेहमीसारख्या चार गोळ्या जिभेखाली धरल्या.

मुखवटा

आरतीच्या सुमाराला रांगोळीतली पानं हलायला लागली. वारा नव्हता. मी डोळे मिटले, तर मिटलेल्या डोळ्यांआड रांगोळी जास्तच ठळक. साखर कमी झाली असेल असं वाटून मी खडीसाखर तोंडात टाकली.

मग देवीचा मुखवटा श्वास घेऊ लागला. उकडीचे गाल फुगत होते आणि बसत होते. काजळाचे डोळे माझ्याकडे वळले आणि मी मान वळवली तरी माझ्या मागे आले. घागरींचा घुमारा मला ऐकू येत होताच, पण तो दिसतही होता, धुरात गोल गोल कडी होऊन. प्रत्येक बाईच्या मागे तिचेच हात राहून जात होते, एका हातामागे चार-पाच.

"मेधा, आज तूही फुंक की," असं म्हणत कोणीतरी माझ्या हातात घागर दिली. मी फुंकली. त्यानंतर थांबणं माझ्या हातात राहिलं नाही. केस कधी सुटले कळलं नाही. जाऊबाईंनी माझ्या कपाळाला मळवट भरला, कोणी ओटीत नारळ घातला, आणि ज्या बायकांना मी आदल्या वर्षी चिडवलं होतं त्या माझ्या पायावर डोकं ठेवायला लागल्या.

आता जे लिहायला हात मागे येतो ते लिहून टाकते. मला ते आवडलं. सगळी खोली आपल्याला कळते आहे, प्रत्येक माणसाच्या आतलं दिसतं आहे असं वाटत होतं. इतकी वर्षं वर्गात शिकवलं, पण इतक्या शांतपणे माझं कोणी ऐकलं नव्हतं.

कुसुम दाराशी उभी होती. ती पुढे आली, माझा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाली, "आई, माज्या छातीत गाठ हाय. डाक्टर कापाला सांगतान. मना लय भ्या वाटते. कापू का नको?"

कापणं हा शब्द ऐकला आणि मला सुरी दिसली. खरीच, चकाकणारी. तिच्या हाताची कातडी उघडते आहे आणि आतून उजेड सांडतो आहे असं दिसलं. मी ओरडले, "कापू नको. अजिबात कापू नको."

कुसुमने माझ्या पायावर डोकं ठेवलं. ती रडत होती आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता.

थोड्याच वेळात ते सगळं सुख उलटलं. भिंती जवळ यायला लागल्या, मुखवटा वितळून माझ्याच तोंडावर बसतो आहे असं वाटलं आणि मी किंचाळत तोंड ओरबाडायला लागले. देवी इतका वेळ ओरबाडत नाही, हे तेव्हा बाकीच्यांच्या लक्षात आलं. सुधाकर आणि दीर यांनी मला उचलून गाडीत घातलं.

उपास होता, डॉक्टर

रोह्याच्या हॉस्पिटलात साखर तपासली, ईसीजीची पट्टी काढली, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठीक. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काही घेतलं होतं का यांनी?"

सुधाकरचा चेहरा लाल झाला. "उपास होता, डॉक्टर. त्या शिक्षिका आहेत." जणू शिक्षिकांना तोंडच नसतं.

मला झोपेचं इंजेक्शन दिलं. जाग आली तेव्हा वॉर्डात फिनेलचा वास होता आणि पंखा फिरत नसून वर पसरत चालला होता. सिस्टर नाडी बघायला आली, तर तिच्या हातामागून हातांची रांग. मी डोळे घट्ट मिटून घेतले. तिने काही विचारलं नाही. शेजारच्या बाईची ओढणी मागून घेतली, खिडकीला बांधली, डोक्यावरची ट्यूब बंद केली आणि गेली. पुढचे दोन दिवस माझ्यावर झालेला सगळ्यात मोठा उपचार तोच, असं मला अजून वाटतं. सकाळचा चहा, केर, डॉक्टरांची फेरी, मऊ भात. मी जेवायला बसायची तीसुद्धा डोळे मिटून. भाताची चव आणि हाताला लागणारं ताट, एवढंच खरं वाटायचं.

जुई पायथ्याशी बसून असायची. पांढरीफटक. आईच्या काळजीने पोर वाळली, असं जाऊबाई सगळ्यांना सांगत होत्या.

कुसुमला काय बोलले ते मला वॉर्डात स्पष्ट आठवत होतं. ती विसरली असेल, असं मी ठरवून टाकलं.

बाटली

पेणला आल्यावर एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मुंबईहून येतात, ठरावीक वारी बसतात. मी त्यांना सांगितलं, वडखळच्या नाक्यावर ट्रकमागून ट्रक निघत होते, म्हणजे एकाच ट्रकमधून. सुधाकर कपाळाला हात लावून बसला. बायकोला वेड लागलं हे त्याने बहुतेक मनाशी मान्य केलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सांगा. पाणीसुद्धा." मी सांगत गेले. खिचडी, ताक, खडीसाखर, पित्ताच्या चार गोळ्या.

"कुठल्या गोळ्या?" हे आमच्या मागे बसलेल्या जुईने विचारलं. तिचा आवाज मी ओळखला नाही. "आई, माझ्या पर्समधल्या?"

तिने बाटली काढून टेबलावर ठेवली आणि रडायला लागली. कुठल्याशा मित्राने दिलेले थेंब त्या साखरेच्या गोळ्यांवर टाकलेले होते. घरून नेलेली माझी रिकामी बाटली तिने वापरली, कारण होमिओपॅथीच्या बाटलीकडे कोणी संशयाने बघत नाही.

डॉक्टरांनी फार बोजड काही सांगितलं नाही. हे प्रयोगशाळेत तयार होणारं रसायन आहे, झाडाझुडपाचं नाही. एवढ्याशाने मेंदूचं बघणं-ऐकणं सगळं ढवळून निघतं. बाजारात कशाच्या नावाखाली काय विकतात ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बहुतेकांचं एका दिवसात उतरतं, काहींच्या डोळ्यांना मात्र पुन्हा ठिकाणावर यायला महिने लागतात. "तुम्हाला वेड लागलेलं नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मला आधी हायसं वाटलं. मग जुईचा राग आला. आणि लाज वाटते सांगायला, पण तिने नशा केली यापेक्षा तिने माझं अक्षर वापरलं याचा मला जास्त राग आला होता.

घरी आल्यावर सुधाकर तिला एवढंच म्हणाला, "तुझी आई मेली असती तर?" त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती मुंबईला गेली. रोज फोन करायची, मी उचलायची आणि आम्ही दोघी भाजी काय केली एवढंच बोलायचो.

भिंतीवरचा रवा

ज्यांच्या घरी असं झालं आहे त्यांच्यासाठी पुढचं थोडं लिहिते.

पांढऱ्या भिंतीवर सारखा बारीक रवा हलताना दिसायचा. हलणाऱ्या वस्तूमागे तिची शेपटी. फळ्यावर रेघ ओढून खडू उचलला तरी रेघ पुढे जायची. पेपर तपासायला घेतले की ओळी चालू लागायच्या. मग सुधाकरने ते वाचून दाखवायला सुरुवात केली. हा माणूस धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून, बसमधून थकून येणारा. पण हातपाय धुवून समोर बसायचा आणि "प्रश्न दुसरा, आम्ल म्हणजे काय, उत्तर, आम्ल म्हणजे जे आंबते ते," असं गंभीरपणे वाचायचा. आम्ही त्या दिवसांत हसलो असू ते एवढंच.

डोळे नीट झाले का हे दर पाच मिनिटांनी तपासू नका. मी भिंतीकडे टक लावून बघत बसायची आणि रवा वाढायचा. झोप सांभाळा, चहा-कॉफी कमी करा, मोबाइल लांब ठेवा. माझ्या भिंती आता बऱ्याच शांत आहेत. दमले की हलतात. मी त्यांना हलू देते.

झाकली मूठ

घरातलं खरं कारण बाहेर जाणार नव्हतं. पण अष्टमीला जे झालं ते अर्ध्या रोह्याने पाहिलं होतं आणि ते पेणला पोचायला काय वेळ लागतो. मी शाळेत परत गेले त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा माझ्याआधी कोणी घेतला नाही. मराठीच्या बाईंनी दार लोटून माझी ओटी भरली. त्यांच्या मुलाला नोकरी लागत नव्हती. म्हणाल्या, "तुमचं बोलणं लागतं म्हणे."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. पण समोर तीनच नावं होती. नशा, वेड, नाहीतर देवी. पहिल्याने पोरीचं नाव जातं, पोलिसांपर्यंतही जाऊ शकतं. दुसऱ्याने माझी नोकरी. तिसऱ्याने कोणाचंच काही जात नाही, उलट चहा आधी मिळतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी नारळ घेतला.

नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, अंगात येतं ते खरं की खोटं?" मी म्हटलं, "पुस्तक काढा."

कुसुम

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी कुसुम भांडी घासत होती आणि डावा हात तिला वर करता येत नव्हता. मी विचारलं, "डॉक्टरकडे गेली होतीस?"

"कशाला जाव? तुमीच सांगितलंव ना, कापू नको म्हनून."

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. गोळ्या, बाटली, जुई, थेंब, डॉक्टर. काही लपवलं नाही. तिने पदराला हात पुसत ऐकून घेतलं.

"गोली तुमच्या पोटात गेली आसंल, बाई," ती म्हणाली. "पन मी तुमाला कुटं इचारलं? मी देवीला इचारलं."

मी शिकवलं तिला, जसं वर्गात शिकवते तसं. कागदावर मेंदू काढून दाखवला. डॉक्टरांना फोन लावून दिला. ती फोन कानाला धरून "व्हय, व्हय" म्हणत राहिली आणि मग भांडी घासायला उठली. तिची मोठी बहीण ऑपरेशननंतर घरी आली नव्हती. देवीने तिला नेमकं तेच सांगितलं होतं जे तिला ऐकायचं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत होती; स्टाफरूममध्ये नारळ घेणाऱ्या बाईने स्वयंपाकघरात विज्ञान सांगितलं तर कोण ऐकणार?

जाऊबाईंना मी फोनवर रडत सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग देवीकडूनच सांगव की तिला. पुन्हा अंगात आण आणि काप म्हणून सांग. एवढं काय त्यात?"

"वहिनी, मी नाटक करू?"

"त्या दिवशी तरी काय केलंस?"

सुधाकरचंही तेच मत. मी दोघांवर चिडले. एवढं एक तरी माझ्याकडे राहू द्या, असं मी म्हणाले. म्हणजे मी कुसुमच्या जिवापेक्षा माझं एक तत्त्व सांभाळत बसले होते, आणि तेही चहाबरोबर केव्हाच विकून झालेलं. असे बरेच दिवस गेले. कुसुम रोज येत होती. एका मंगळवारी तिच्या पोलक्यावर डावीकडे ओला डाग दिसला.

मी आत गेले. केस सोडले, देवघरातलं कुंकू कपाळभर फासलं, आणि बाहेर येऊन ओट्याशी उभी राहिले. आधी काही सुचेना. नुसती थरथरले, आणि ती थरथर नाटकाची नव्हती. मग ज्या आवाजात मी मागच्या बाकावरच्या पोरांना उभं करते त्या आवाजात बोलले. "कुसुम, आजच डॉक्टरकडे जा. ते सांगतील ते काप. मी पाठीशी आहे. नाही गेलीस तर तुझं तोंड बघणार नाही."

हातातलं भांडं टाकून तिने माझ्या पायांना मिठी मारली. "जाते आई, जाते." ओल्या हातांचं साबणाचं पाणी माझ्या पायांवर ओघळत होतं.

जुई त्या दिवशी मुंबईहून घरी आलेली होती. ती आतल्या दारात उभी राहून बघत होती. कुसुम गेल्यावर घाबऱ्याघाबऱ्या माझ्याजवळ आली, माझे डोळे बघितले. "आई, तू काही घेतलंयस का?"

"नाही."

तिने माझं कुंकू पुसायला घेतलं आणि पुसता पुसता कोसळली. पहिल्यांदाच आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो. सुधाकरने दोघींसाठी चहा केला आणि जुईचा कप तिच्या हातात दिला.

मंगळवार

कुसुमचं ऑपरेशन मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात झालं. सोबत जुई राहिली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवरात्रात आल्या असत्या तर एवढं कापावं लागलं नसतं. हे त्या कुसुमला रागावून सांगत होत्या. मी बाजूला उभी होते.

त्या गेल्यावर कुसुमने मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. "बाई, एक इचारू? देवीनं पयल्यांदा नको का सांगितलंन?"

मी म्हटलं, "चुकलं, कुसुम. तिचं चुकलं."

"देवी चुकत नाय," ती म्हणाली. "माजंच कायतरी चुकलं आसंल."

आता तिला औषधाच्या बाटल्या चढतात. केस गेले आहेत. त्या झालेल्या चुकीपायी तिने मंगळवारचा कडक उपास धरला आहे, पाणीसुद्धा नाही. या औषधात उपास चालणार नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तिच्या नवऱ्याने सांगितलं, जुईने हात जोडून सांगितलं. मीही सांगितलं, माझ्या आवाजात. ती ऐकेना.

परवा मी पुन्हा केस सोडले.